एप्रिलचं नाव आई

एक तारखेला कॅलेंडरचं पान उलटायचं आणि मागच्या पानावरचं खरडलेलं पुढच्यावर उतरवायचं: दुधाचे खाडे, सिलिंडर कधी लावला, भिशीचा हप्ता. हे काम माझ्याकडे आहे. त्यात एप्रिलचं पान आलं की मला हटकून सपरमुरात नियाझोव आठवतो. या माणसाने एप्रिलला आपल्या आईचं नाव दिलं होतं.

तुर्कमेनिस्तानचा हा तहहयात राष्ट्राध्यक्ष स्वतःला ‘तुर्कमेनबाशी’ म्हणवून घ्यायचा, म्हणजे साऱ्या तुर्कमेनांचा म्होरक्या. २००२ साली त्याने महिन्यांचं बारसं केलं. जानेवारी झाला तुर्कमेनबाशी (वर्षाचा नारळ दुसरा कोण फोडणार?), एप्रिल झाला गुरबानसोलतान, सप्टेंबर झाला रुहनामा. रुहनामा हा त्याच्याच नावावरचा ग्रंथ. शाळेत तो, नोकरीच्या परीक्षेत तो, आणि गाडी चालवण्याचा परवाना हवा असेल तरी तोच. क्लच कुठला हे नंतर. वारही सुटले नाहीत. मंगळवारचा ‘तरुण दिवस’ झाला. मंगळवारी सकाळी आठच्या लोकलमध्ये उभं राहून बघावं म्हणजे कळेल.

पण आईपाशी मी अडखळतो. वडील महायुद्धात गेले. आई आणि भाऊ १९४८ च्या अश्गाबातच्या भूकंपात. पोरगं आठ वर्षांचं. अशा पोराने मोठेपणी आईचं नाव भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहिलं, तर त्याला हसायला जीभ रेटत नाही.

मग तो पुतळा आठवतो आणि रेटते. अश्गाबातच्या मध्यभागी ७५ मीटर उंच कमान, वर त्याचाच १२ मीटरचा सोन्याने मढवलेला पुतळा, दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरणारा. पुतळा सूर्याच्या मागे फिरतो की सूर्य पुतळ्याच्या, हे विचारायची सोय नव्हती. हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर साहेबांना आरोग्याची आठवण झाली. डोंगरावर ३७ किलोमीटरची सिमेंटची पायवाट बांधली, तिच्यावरून मंत्र्यांना घाम गाळत चालवलं, आणि स्वतः हेलिकॉप्टरने पल्याड जाऊन त्यांची वाट पाहिली. मंत्र्यांना असं चालताना बघायला मलाही आवडलं असतं, खोटं कशाला बोलू.

२००५ मध्ये त्याच माणसाने राजधानीबाहेरची इस्पितळं बंद करण्याचं फर्मान काढलं. आजारी माणसाने अश्गाबातला यावं म्हणे. मध्ये काराकुमचं वाळवंट. तिकडच्या एखाद्या गावात बाळंतीण अडली असेल, तर महिना गुरबानसोलतान असून तिला काय उपयोग?

२००६ च्या डिसेंबरात तो गेला. गादीवर आला त्याचा दंतवैद्य, जो तेव्हा आरोग्यमंत्रीही होता. त्याने २००८ मध्ये महिन्यांची जुनी नावं परत आणली, २०१० मध्ये कमान शहराबाहेर हलवली, आणि पुढे २०१५ साली संगमरवरी कड्यावर घोड्यावर बसलेला स्वतःचा सोनेरी पुतळा उभा राहू दिला.

या सगळ्याला पैसा पुरला तो जमिनीखालच्या वायूमुळे. माझ्या पानावर लिहिलंय, ‘सिलिंडर ४ तारखेला लावला’, आणि पुढचा नंबर कधी लावायचा याचा हिशेब. तिकडे घरोघरी गॅस फुकट होता. काड्यापेटीला मात्र पैसे पडत. म्हणून लोक शेगडी विझवतच नसत, असं सांगतात.