आखडलेली कंबर घेऊन उटीत सव्वीस दिवस

पहाटे चारला मला गजर उठवत नाही, कंबर उठवते. नऊ वर्षं झाली. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असं या दुखण्याचं नाव. मणका आणि कटीर जिथे जुळतात ते सांधे आतून सुजतात, आणि बाकीच्या दुखण्यांपेक्षा याची रीत उलटी आहे: पडून राहिलं की वाढतं, चालायला लागलं की ओसरतं. मी धावायला लागले ती त्यामुळेच. पुढे स्पर्धांची गोडी लागली. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट हे माझं रोजचं मैदान, आणि दहा किलोमीटरला ४२:५० ही माझी सर्वोत्तम वेळ तीन वर्षं जागची हलत नव्हती. म्हणून या मार्चमध्ये उंचीवरच्या सरावासाठी उटीला जाऊन राहिले. असं दुखणं घेऊन उंचीवर जाणाऱ्यासाठी मराठीत लिहिलेलं मला काही सापडलं नव्हतं. तुम्हाला सापडावं म्हणून हे सविस्तर.

आधी "महाबळेश्वर का नाही?" याचं उत्तर, कारण ते मला प्रत्येकाने विचारलं. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. शरीराने उंचीची नीट दखल घ्यावी यासाठी दोन हजार ते अडीच हजार मीटर लागतात, आणि आपलं सर्वांत उंच कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. तेव्हा महाराष्ट्राबाहेर जावंच लागतं. माझ्या मनात खरं तर केनियातलं इटेन, धावपटूंचं उंचावरचं गाव, होतं. पण तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, ती लस जिवंत विषाणूंची असते आणि मी घेते त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनवर असताना ती घेता येत नाही. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. अशा जैविक औषधांवर (बायोलॉजिक्स) असलेल्या कुणीही परदेशाचं तिकीट काढण्याआधी हा प्रश्न आपल्या संधिवाततज्ज्ञांपुढे ठेवावा. मला तो वेळेवर सुचला याचं अजूनही समाधान वाटतं.

उटी २,२४० मीटरवर आहे. मेक्सिको सिटीची उंचीही तेवढीच. १९६८ च्या ऑलिम्पिकमध्ये तिथे केनियाचा धावपटू किपचोगे केइनो पित्ताशयाच्या दुखण्याने १०,००० मीटरच्या शर्यतीत कोसळला आणि काही दिवसांनी त्याने १,५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. ही गोष्ट मला धावपटू मित्रांनी कितीदा तरी ऐकवली आहे. मला ती माझ्यासाठी लागू वाटत नाही. केइनोसमोर त्या आठवड्यात ऑलिम्पिक होतं. माझं दुखणं उद्याही आहे आणि पुढच्या वर्षीही असणार आहे. रोजच्या दुखण्यावर शौर्य दाखवलं की त्याचं व्याज भरावं लागतं. ते मी उटीत भरलं, खाली सांगते.

निघण्याआधी महिनाभर रक्ततपासणी करून घ्या, आणि ती समजून घ्या. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून श्वासागणिक ऑक्सिजन कमी मिळतो. मग मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सोडतात आणि तांबड्या पेशी वाढू लागतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात आणि लोह लागतं. आपल्यासारख्यांची मेख इथे आहे. शरीरात सूज असली की फेरिटिनचा, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारा, आकडा फुगून येतो, म्हणजे कागदावर लोह भरपूर आणि प्रत्यक्षात कोठार रिकामं. शिवाय सुजेमुळे हेपसिडिन हे लोह अडवणारं संप्रेरक वाढतं आणि आतडं लोह आत घेत नाही. म्हणून नुसतं फेरिटिन न पाहता सीआरपी (सूज किती ते) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात वापरायला लोह किती ते) सोबत पाहायला सांगा. माझं सॅच्युरेशन कमी निघालं, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. निलगिरीत चहाचा मोह फार होतो, पण लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको, तो लोह अडवतो. मी गोळी सकाळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायचे आणि चहा दुपारी.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून कोइम्बतूरला जाणारी एक्स्प्रेस पुण्यावरून जाते. प्रवास दीड दिवसाचा, पण खालचा बर्थ मिळाला तर विमानातल्या खुर्चीपेक्षा कमरेला तोच बरा. दर दोन तासांनी डब्यातून फेरी मारता येते. कोइम्बतूरहून पुढे मी सरकारी बसने गेले. स्वतःची गाडी नेणाऱ्यांनी निलगिरीचा ई-पास आधी काढावा; मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून तो लागतो. जिल्ह्यात प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना बंदी आहे, स्टीलची बाटली न्या.

उटीतच फर्नहिलच्या बाजूला स्वयंपाकघरासह खोली घेतली, २६ दिवसांचे २४,००० रुपये. घरमालकीणबाईंना मी अक्का म्हणायचे. त्यांना हिंदी जेमतेम, मला तमिळ शून्य. पण मी पहाटे भिंतीला धरून चालते हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी पाहिलं आणि तिसऱ्या दिवसापासून पाच वाजता दाराशी गरम पाण्याची बादली येऊ लागली. त्या बादलीने माझी सकाळ तासभर आधी सुरू झाली असं म्हणेन.

पहिल्या आठवड्यात नुसतं सावकाश धावणं, रोज चाळीस मिनिटं. साताऱ्याला सहज पळते त्यापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद हळू, तरी दम लागायचा. घड्याळाकडे पाहू नका, श्वासाकडे पाहा. पहिल्या रात्री झोप सगळ्यांचीच तुटते; आपली तर उत्तररात्री कमरेमुळे आधीच तुटते, म्हणून मी दुपारी अर्धा तास आडवी व्हायचे, जास्त नाही, नाहीतर पुन्हा आखडायला होतं. मार्चमध्ये पहाटे पारा दहाच्या आसपास असतो. सहाच्या थंडीत पळण्याचा हट्ट मी चौथ्या दिवशी सोडला आणि सराव साडेआठवर नेला. ऊन कोवळं वाटतं पण कातडी सोलवटते, टोपी हवीच, आणि गॉगलही. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते. डोळा लाल होऊन दुखला आणि उजेड सहन होईना, तर ऊन लागलं असेल म्हणून सोडू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

उशिरा पळण्याचं दुसरं कारण गवा. आपल्या राधानगरीत दिसतो तोच, इथे तो चहाच्या मळ्यातून थेट रस्त्यावर येतो. उजाडल्याशिवाय मळ्यांकडे जाऊ नका, आणि समोर आला तर थांबून मागे सरका, शेजारून पळत जाऊ नका.

सपाट रस्ता उटीत दुर्मीळ आहे. तळ्याकडचा नॉर्थ लेक रोड त्यातल्या त्यात बरा. चढ माझ्या कमरेला चालतो, उतार चालत नाही. उतारावर प्रत्येक पाऊल त्या सुजलेल्या सांध्यावर आदळतं. म्हणून मी ठरवलं: बसने खाली, पायांनी वर. केत्तीला उतरायचं आणि लव्हडेलवरून फर्नहिलपर्यंत चढत यायचं. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांमुळे हा रस्ताही नकोसा होतो. दोड्डबेट्टा, २,६३७ मीटर, मी फक्त एकदा आणि चालत केलं.

आता चूक. दुसऱ्या आठवड्यात मैदानावर काही तरुण मुलं भेटली, किलोमीटरच्या आठ फेऱ्या मारणार होती. अंग छान मोकळं झालं होतं, मी त्यांच्यात शिरले आणि साताऱ्याच्या पेसने सहा मारल्या. रात्री एका नितंबातून दुसऱ्यात ठणका फिरू लागला. सकाळी सरळ उभं राहायला दोन तास लागले. पाच दिवस पळणं बंद, फक्त चालणं आणि ताणाचे व्यायाम. उंचीने दुखणं वाढवलं असं मला वाटत नाही. उंचीवर शरीर भरून यायला जास्त वेळ घेतं आणि तो वेळ मी दिला नाही.

त्यानंतर मी वीस मिनिटांचा नियम पाळला. वीस मिनिटं चालत-पळत पाहायचं. दुखणं पसरट असेल आणि ओसरत असेल तर ते आपलं जुनंच, पुढे जा. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी कळ असेल आणि पावलागणिक वाढत असेल तर ती नवी इजा आहे, परत फिरा. वेदनाशामक गोळी घेऊन लाँग रन करू नका. नियम चालवायला कळ जाणवावी लागते, आणि घाम गेलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी हेही पाहावं: साध्या सूजविरोधी गोळ्या चालतात, पण ट्रामाडॉल २०२४ पासून स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे, आणि तोंडावाटे किंवा इंजेक्शनने घेतलेली स्टेरॉइड्सही.

दुसरा फटका औषधाचा. वर सांगितलेलं माझं इंजेक्शन म्हणजे अ‍ॅडालिम्युमॅब; त्याचं भरलेलं पेन दर पंधरवड्याला लागतं. बर्फाच्या पिशवीत जपून आणलं आणि खोलीतल्या छोट्या फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं. तिथे ते गोठलं. गोठलेलं पेन वितळवून वापरायचं नसतं, टाकून द्यावं लागतं. नवं कोइम्बतूरहून मागवेपर्यंत सहा दिवस उशीर झाला आणि ते सहा दिवस मला प्रत्येक जिन्यावर जाणवले. माझ्या पेनच्या पत्रकात २५ अंशांखाली, अंधारात, चौदा दिवस बाहेर ठेवता येतं असं लिहिलेलं होतं. म्हणजे उटीच्या हवेत कपाटात ठेवलं असतं तरी भागलं असतं. तुमच्या औषधाचं पत्रक घरीच वाचा, आणि फ्रीज वापरायचाच तर आत थर्मामीटर ठेवून एक रात्र पाहा.

शेवटच्या दहा दिवसांत मात्र सगळं जुळून आलं. केत्तीहून वरपर्यंत एकदाही न थांबता आले त्या दिवशी अक्का फाटकाशी उभ्या होत्या. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. एप्रिलअखेर बेंगळुरूला दहा किलोमीटर ४२:१९ मध्ये पळाले. एकतीस सेकंद. त्यातले किती उंचीचे आणि किती पाच वाजताच्या बादलीचे, हे मला वेगळं काढता येणार नाही.

परतताना मी निलगिरीच्या छोट्या आगगाडीने डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपाळयमपर्यंत आले. तिकीट बरंच आधी काढावं लागतं. साडेतीन तास, बाकं अरुंद, उभं राहायला जागा नाही. कुन्नूरला इंजिन बदलतं, तेव्हा खाली उतरून फलाटावर चालून घ्या.