आता राउंड कोणाचा?

शुक्रवारी दुपारी कचेरी सुटल्यावर इंग्लंडमध्ये यॉर्कच्या एका पबमध्ये आम्ही सहाजण एका टेबलाभोवती बसलो होतो. समोरच्या गृहस्थांचा पेला केव्हाच रिकामा झाला होता, काउंटर चार पावलांवर होता, खिशात पैसे होते. तरी ते उठून स्वतःपुरती बिअर आणत नव्हते. त्यांची, आणि हळूहळू सगळ्यांचीच, नजर कोपऱ्यातल्या एका तरुणाकडे वळे आणि तेथे न थांबता खिडकीबाहेरच्या पावसाकडे निघून जाई. राउंड त्या तरुणाचा होता आणि तो क्रिकेटवर बोलण्यात रंगला होता. त्याला कोणीही काही म्हटले नाही. अखेर एकाने आपला रिकामा पेला टेबलावर किंचित पुढे सरकवला, तेव्हा तो तरुण ‘सॉरी, सॉरी’ करीत उठला.

इंग्रजांच्या रांगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण मला विचाराल तर त्यांचा स्वभाव या राउंडमध्ये अधिक सापडतो. एकाने उठायचे, सगळ्यांना काय हवे ते विचारायचे, काउंटरवर तेथल्या तेथे पैसे देऊन पेले आणायचे; पुढच्या वेळी दुसऱ्याने. तेथे रांग दिसत नाही, परंतु कोण कोणाच्या आधी आले हे प्रत्येकाला पक्के ठाऊक असते. ‘अजून थोडा वेळ बस, तुझी सोबत आवडते’ हे वाक्य ज्याला जन्मात उच्चारता येणार नाही, तो माणूस पाइंटचा, म्हणजे 568 मिलिलिटरचा, पेला तुमच्यासमोर आणून ठेवतो. तो संपेपर्यंत तुम्हाला उठता येत नाही, आणि संपला की फेड केल्याशिवाय उठता येत नाही.

शिकागोला बहिणीकडे गेले की सगळेच उलटे होते. तेथल्या हॉटेलात वाढायला येणारी मुलगी टेबलापाशी येताच आपले नाव सांगते, आपली चौकशी करते, न मागता कॉफी पुन्हा भरते आणि शेवटचा घास तोंडात असतानाच, काही घाई नाही असे म्हणत, बिल ठेवून जाते. त्या जिव्हाळ्याला खोटा म्हणण्याचा इंग्रजी शहाणपणा मला पटत नाही. अनेक राज्यांनी वाढवून दिले असले तरी, टिपवर काम करणाऱ्यांचे तेथील केंद्रीय किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडलेले आहे. उरलेली मजुरी गिऱ्हाइकाच्या मर्जीतून यायची असेल तर हसावे लागते, आणि टेबलही लवकर मोकळे करून घ्यावे लागते.

युरोपात इंग्लिश खाडीपलीकडे घाई हा शब्दच नाही. व्हिएन्नाच्या कॉफीगृहात एका कॉफीवर, सोबतच्या पाण्याच्या पेल्यावर आणि लाकडी दांडीला लावलेल्या वर्तमानपत्रावर अर्धा दिवस काढता येतो, आणि मागितल्याखेरीज बिल येत नाही. ऑस्ट्रियाने 2011 मध्ये या कॉफीगृह संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नुसते बसून राहण्याला मिळालेला हा सरकारी मान पाहून आपल्या कट्ट्यांबद्दल हळहळ वाटते. इटालियन अधिक स्पष्टवक्ते असतात: उभ्याने कॉफी प्याल तर एक दर आणि बसून प्याल तर दुसरा, म्हणजे खुर्चीचे भाडे वेगळे. जर्मनीतल्या कोलोनमध्ये वेटर बिअरचा 200 मिलिलिटरचा छोटा पेला न विचारता बदलत राहतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढतो; ती चकती पेल्यावर झाकण म्हणून ठेवली की मगच थांबतो. शेवटी रेघा मोजून ‘एकत्र की वेगवेगळे’ असे विचारतो, आणि मंडळी जराही न संकोचता आमच्या कॉलेजातल्यासारखे टीटीएमएम, म्हणजे ‘तू तुझे, मी माझे’, करतात.

लहानपणी दादरच्या इराण्याकडे मी वडिलांबरोबर जात असे, तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. चहा आणि ब्रून मस्का संपला की वडील आणि त्यांचे मित्र यांची गल्ल्यापाशी अक्षरशः झटापट होई. एकाने दुसऱ्याचे मनगट धरायचे, दुसऱ्याने पहिल्याचा खिसा दाबून धरायचा, आणि इराण्याने निर्विकारपणे दोघांच्या नोटांकडे पाहत बसायचे. हरलेला चांगलाच रुसत असे. पुढच्या वेळचा क्रम ठरवून ही मारामारी टाळावी असे दोघांपैकी कोणालाही कधी सुचले नाही, आणि इंग्रजांना मात्र दुसरे काही सुचले नाही.

त्या क्रमाची धास्ती त्यांच्या सरकारलाही वाटली होती. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगार पिऊन कामाला येतात म्हणून पबच्या वेळा कापल्या गेल्या (दुपारी पब बंद ठेवण्याची ती सक्ती इंग्लंडमध्ये 1988 पर्यंत टिकली!), आणि ऑक्टोबर 1915 मध्ये लंडनमध्ये दुसऱ्याला पाजण्यावरच बंदी आली. जेवणाबरोबर चालत असे. एरवी नवऱ्याने बायकोच्या पेल्याचे पैसे देणेही गुन्हा ठरे. हुकूम जुलमी होता, पण रोगाचे निदान अचूक होते. राउंडमध्ये माणूस आपल्या तहानेने पीत नाही, टेबलावरच्या डोक्यांच्या संख्येने पितो.

मी तर पीतच नाही. संत्र्याचा रस घेते. माझी वेळ आली की पाच पाइंट आणि एक रस अशी खरेदी होते, आणि बदल्यात मिळणाऱ्या रसांतला दुसराच घशाखाली उतरत नाही. या व्यवहारात मी किती बुडते हे नवऱ्याने एकदा कागदावर मांडून दाखवले. ‘आज मला वगळा’ असे म्हणता येते. इंग्रज ते अत्यंत सभ्यपणे मान्य करतात, आणि पुढच्या शुक्रवारी तुम्हाला बोलवायचे तितक्याच सभ्यपणे विसरतात. त्यामुळे मी आपली उठते आणि कोणाला काय हवे ते विचारते.