तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेऱ्यांसाठी विकतचा डबा का?

"ऑफिसातली सगळी मशिनं लिनक्सवर, मग कॅमेऱ्यांना विकतचा रेकॉर्डर कशाला? झोनमाइंडर टाक ना!" इतक्या जणांनी विचारलंय की एकदाचं लिहून टाकतो. (झोनमाइंडर म्हणजे लिनक्सच्या कॉम्प्युटरलाच कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर बनवणारं फुकट, खुलं सॉफ्टवेअर.)

पहिला डबा, म्हणजे तयार रेकॉर्डर, घेताना मी धरून चाललो की आत लिनक्सच असतं, म्हणजे आपल्याकडे चालणारच. आठ कॅमेरे, 1 टीबीची डिस्क, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कॅमेरेवाल्याकडे. एका शुक्रवारी रात्री ऑफिसातून दोन लॅपटॉप गेले. शनिवारी सकाळी माझ्या डेबियनवरून (लिनक्सचाच एक प्रकार) ब्राउझरमध्ये डब्याचं पान उघडलं, तर समोर एकच ओळ: प्लगइन टाका. ते अ‍ॅक्टिव्हएक्सचं, म्हणजे फक्त विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणारं. डब्याला मॉनिटर जोडला, तर मागचं बघायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड हवा. कॅमेरेवाला गावी, फोन बंद.

रात्रपाळीला आमचे वॉचमन होते, त्यांना सगळे मामा म्हणायचे. पोलिसांनी त्यांना दोनदा बोलावलं. "फुटेज आहे ना तुमच्याकडं, बघा की," एवढंच ते म्हणत राहिले. मी "बघतो मामा" म्हणत राहिलो. मंगळवारी संध्याकाळी पासवर्ड मिळाला, तोवर शुक्रवारच्या रात्रीवर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं. 4 एमबीपीएसचा (सेकंदाला 4 मेगाबिट) एक कॅमेरा दिवसाला 43 जीबी खातो, आठांचे साडेतीनशेच्या आसपास. 1 टीबीत तीन दिवससुद्धा मावत नाहीत. हा गुणाकार मी आधी करायला हवा होता. मामांवर काही सिद्ध झालं नाही, पण त्यांचा हात नव्हता हेही मला दाखवता आलं नाही. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. ओळखायला म्हणून प्रत्येक किल्लीला त्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता.

तरी दुसऱ्यांदाही डबाच घेतला. लिनक्स सांभाळणारा ऑफिसात मी एकटा. एखाद्या अपडेटनंतर झोनमाइंडर बंद पडलं आणि मी बाहेरगावी असलो, तर पुन्हा तेच. या वेळी दुकानात स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेलो. फायरफॉक्समध्ये प्लगइनशिवाय मागचं दिसतं का, आरटीएसपीचा (थेट व्हिडिओ पाठवायची पद्धत) पत्ता व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये टाकल्यावर चित्र येतं का, क्लिप सरळ एमपी4 मध्ये उतरते का, हे बघूनच पैसे दिले. खोक्यावर ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांची कॅमेरा-उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून ठरवलेलं मानक) छापलंय म्हणून भुलू नका. त्यानं कॅमेऱ्याचं आणि रेकॉर्डरचं जमेल, तुमच्या ब्राउझरचं नाही. व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतींत जुन्या एच.264 पेक्षा नव्या एच.265 ला जागा जवळपास निम्मी लागते, पण माझ्या फायरफॉक्समध्ये नुसती काळी चौकट यायची. म्हणून एच.264 ठेवलं आणि 8 टीबीची डिस्क घातली: तेवीस दिवस. बाहेरून पोर्ट उघडलेलं नाही, म्हणजे इंटरनेटवरून थेट डब्यापर्यंत कुणाला पोचता येत नाही. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरनं मूळ पासवर्ड न बदललेले डीव्हीआर (असलेच रेकॉर्डर) आणि कॅमेरेच तर पकडले होते.

डब्यातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, बंदिस्त आहे, ते आपल्याला बदलता येत नाही, कंपनीनं अपडेट थांबवले की माझ्या हातात काही नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्या शनिवारी झोनमाइंडर असतं तर सकाळी दहालाच सगळं दिसलं असतं, हेही खरं. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आदल्या रात्रीची दहा मिनिटं उतरवून बघतो. आणि रात्रपाळीच्या माणसाला मागचं बघता येईल असा वेगळा युजर काढून दिलाय.