हापसा

माझं काम मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळायचं. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, गावातले हापसे. बावीस वर्षं हात यातच आहेत. त्यामुळे बायकोचा, हिचा, टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढताना हृदय हलताना पहिल्यांदा बघितलं, तेव्हा नजर आपोआप व्हॉल्व्हवर गेली.

पडद्यावर लाल-निळं उसळत होतं. शाळेतल्या आकृतीसारखं लाल म्हणजे शुद्ध रक्त, असं मी धरून चाललो होतो. तिथल्या ताई म्हणाल्या, "नाही दादा, छातीवर धरलेल्या या प्रोबकडे येणारं रक्त लाल दिसतं, लांब जाणारं निळं."

मग डॉक्टरांनी कागदावर चार कप्पे काढले. वर दोन अलिंदं, खाली दोन निलयं. अंगभर फिरून आलेलं रक्त उजव्या अलिंदात येतं, उजव्या निलयात उतरतं, तिथून फुफ्फुसात. ऑक्सिजन घेऊन डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात, आणि महाधमनीतून सगळ्या अंगाला. माझ्या लेखी हे एकाच केसिंगमधले दोन पंप, एकामागे एक जोडलेले. डिस्चार्ज दोघांचा सारखाच, ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला पाचेक लिटर. फरक हेडचा, म्हणजे किती जोराने ढकलायचं त्याचा. उजव्याला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच ढकलायचं, त्याला बीपीच्या मापात २५ च्या आसपास दाब पुरतो. डाव्याला १२० लागतो, म्हणून त्याची भिंत जवळपास तिप्पट जाड.

पण मोटर सलग फिरते. हृदय हापशाच्या जातीचं, घोटाघोटाने देणारं. आधी भरायचं, मग ढकलायचं. निलय सैल पडलं की व्हॉल्व्ह उघडतो आणि बरंचसं रक्त आपसूक खाली येतं, अलिंद शेवटी आकसून उरलेलं लोटतं. निलय आवळलं की त्या दाबानेच वरचा व्हॉल्व्ह मिटतो. छातीला नळी लावून ऐकू येतं ते लब-डब म्हणजे व्हॉल्व्ह मिटल्याचा आवाज.

हिचा बिघडला होता डाव्या दोन कप्प्यांमधला, मायट्रल. लहानपणी घसा धरला, ताप आला, मग गुडघे आणि घोटे एकेक करून सुजले. घरच्यांनी वात म्हणून तेल चोळलं. त्या तापाचं दुखणं हृदयापर्यंत गेलं आणि पुढे वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या पाकळ्या कडेने चिकटत राहिल्या. चार-पाच चौरस सेंटीमीटरचं दार एकावर आलं. पंप धडधाकट, पण त्याला भरायलाच मिळेना, आणि मागे तुंबलेल्याचा ताण फुफ्फुसावर. ही रात्री तीन उशा लावून बसून झोपायची. जिना चढताना थांबायची, आणि मी म्हणायचो, जरा वजन कमी कर. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मांडीच्या शिरेतून फुगा वर नेला, दोन अलिंदांमधला पडदा भेदून पलीकडे घातला आणि व्हॉल्व्हमध्ये फुगवला. चिकटलेल्या कडा सुटल्या. छाती उघडावी लागली नाही. त्या रात्री ही एका उशीवर आडवी झोपली. मी बाकावर जागाच होतो, तिचा श्वास मोजत.

आता तो ताप परत येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. दुकानाच्या वहीत कुणाची मोटर कधी द्यायची ते लिहितो, त्याच पानावर वरती, लाल पेनाने, हिची तारीख.