ब्रो लॅमिनेशन किती दिवस टिकतं, आणि तोवर भुवयांना जपायचं कसं

लॅमिनेशन म्हटलं की ओळखपत्रावर चढवलेलं प्लॅस्टिक आठवतं. भुवयांवर असं कुठलंही आवरण चढत नाही. केस कुरळे किंवा सरळ करून घेतात, त्याच जातीचं हे काम, फक्त भुवईच्या मापाचं: रसायनाने भुवईचे केस वर वळवून तसेच बसवायचे. नावातच घोटाळा असल्यामुळे काळजीही भलत्याच गोष्टीची घेतली जाते. 'थर निघून जाईल' म्हणून आठवडाभर तोंड धुवायला भ्यायचं, आणि चौथ्या आठवड्यात भुवया जरा खाली बसल्या की पुन्हा लॅमिनेशन करायला धावायचं. पहिली भीती फुकाची, दुसरी घाई महागात पडणारी.

केस केराटिनचा बनलेला असतो आणि त्याचा आकार गंधकाच्या बंधांनी धरून ठेवलेला असतो. पहिलं द्रावण, बहुतेक वेळा थायोग्लायकोलिक आम्लाचं किंवा सिस्टिअमाइनचं, हे बंध सोडवतं. केस मऊ पडतो आणि विंचरू तिकडे वळतो. दुसरं द्रावण म्हणजे न्यूट्रलायझर. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं आणि ते सुटलेले बंध नव्या वळणात पुन्हा जोडतं. शेवटी तेल किंवा केराटिनचं क्रीम लावतात, ते केवळ पोषणासाठी. एकदा जुळलेले बंध साबणाने सुटत नाहीत की पावसाने.

मग लॅमिनेशन उतरतं कसं? खरं तर ते उतरतच नाही. लॅमिनेशन केलेला केस गळतो आणि त्या जागी आपल्या मूळ वळणाचा नवा केस येतो. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढतो, भुवईचा मात्र काही आठवडेच. मग तो थांबतो, विसावतो आणि गळतो. म्हणून 4 ते 6 आठवडे छान दिसणं ही रास्त अपेक्षा. काहींचं 8 आठवड्यांपर्यंतही जातं. त्याहून जास्त दिवसांची हमी कुणी देत असेल तर ती केसाच्या स्वभावाविरुद्धची हमी आहे. पहिले दोन दिवस भुवया नको तितक्या उभ्या आणि चपट्या दिसतात. तेव्हा आरशासमोर घाबरून जाऊ नका, आठवड्याभरात त्या आपसूक मवाळ होतात.

पहिले 24 तास मात्र खरोखर जपायचे. केस नुकताच रसायनातून निघालेला असतो. तो ओला होऊन उशीवर दाबला गेला तर वळण बिघडू शकतं. या काळात भुवयांना पाणी, वाफ, घाम, तेल, मेकअप यातलं काहीही नको. चेहरा धुण्याऐवजी गाल आणि हनुवटी ओल्या कापडाने पुसा. डोक्यावरून आंघोळ आधीच उरकून घ्या. त्या रात्री उताणं झोपा. व्यायाम, पोहणं आणि वाफेची खोली यांना 48 तास सुट्टी दिली तर उत्तम. आणि बोट फिरवून 'बसलं का' हे तपासू नका!

त्यानंतरचा नेम सोपा आहे. सकाळी तोंड धुतल्यावर भुवया किंचित ओल्या असतानाच स्पूलीने, म्हणजे मस्काऱ्याच्या कांडीसारख्या छोट्या ब्रशने, आधी सरळ वर विंचरायच्या, मग टोकाकडचे केस कानशिलाच्या दिशेने वळवायचे. कोरड्या भुवया जोर लावून विंचरल्या तर केस तुटतात. रात्री जोजोबा, बदाम किंवा एरंडेल तेलाचा एक थेंब दोन्ही भुवयांना मिळून पुरतो. एरंडेल दाट असतं, स्पूलीला नुसतं पुसटसं लागलं तरी भागतं. तेलाने लॅमिनेशन जातं हा समज पहिल्या दिवसापुरताच खरा. पुढे तेल नसण्याचाच त्रास होतो, कारण रसायनाने केसाचा पृष्ठभाग उघडा पडलेला असतो आणि तो ओलावा लवकर सोडतो. पण तेलाने भुवया दाट होतील ही आशा ठेवू नका. तेल केसाला मऊ ठेवतं, एवढंच.

रेटिनॉल, ग्लायकोलिक आम्लाची उत्पादनं आणि स्क्रब भुवईपासून बोटभर दूर ठेवायचे. लॅमिनेशनबरोबर टिंट, म्हणजे भुवयांना रंग, केला असेल तर या गोष्टींनी त्याचा रंग भरभर उतरतो. कातडीवरचा रंग काही दिवसांतच जातो, केसांवरचा काही आठवडे राहतो. आठवड्याभरात भुवया फिकट दिसल्या तर बहुधा टिंट गेलेला असतो, लॅमिनेशन जागेवर असतं.

आता बिघडतं काय ते पाहू. दोन-तीन दिवसांतच केस खाली आले, तर द्रावण केसापर्यंत नीट पोचलंच नाही असं समजा. भुवयांवर तेलाचा किंवा मेकअपचा अंश राहिलेला असतो, केस राठ असून पहिलं द्रावण कमी वेळ ठेवलेलं असतं, किंवा न्यूट्रलायझर घाईत पुसलेला असतो. याउलट टोकं जळल्यासारखी वाकडीतिकडी आणि केस कापसासारखा पिंजलेला दिसला, तर पहिलं द्रावण जास्त वेळ राहिलं किंवा मुळाकडच्या भागाऐवजी थेट नाजूक टोकांवर लागलं. उत्पादनानुसार ही वेळ साधारण 5 ते 10 मिनिटं असते. बारीक केसाला त्यातली कमीत कमी वेळ पुरते. सगळ्यांना सरसकट एकच वेळ लावणारा हात टाळलेलाच बरा.

पिंजलेल्या भुवया 'सरळ करायला' पुन्हा लॅमिनेशन करणं ही सगळ्यात मोठी चूक. अर्धवट तुटलेला केस दुसऱ्यांदा रसायन सोसत नाही, तो मधूनच तुटतो. रोज तेल, हलकं जेल आणि नवे केस येईपर्यंत धीर, याशिवाय त्यावर उपाय नाही. सगळं सुरळीत झालं असेल तरीही दोन लॅमिनेशनमध्ये निदान 6 ते 8 आठवडे जाऊ द्या. भुवया विरळ किंवा कोरड्या असतील तर आणखी थांबा.

पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर थोडं द्रावण लावून अॅलर्जी येते का ते पाहणं, 24 ते 48 तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला. टिंट करायचा असेल तर त्याचीही वेगळी, आणि आधी कधी त्रास झाला नसला तरी दर वेळी, कारण हेअर कलरची अॅलर्जी अनेक वापरांनंतरही उद्भवू शकते. थोडी चुणचुण होऊन थांबली तर ठीक. आग, सूज किंवा फोड आले तर द्रावण लगेच पुसून पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. भुवईजवळ इसब, सोरायसिस किंवा ताजी जखम असेल, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर लॅमिनेशन नकोच. गोळ्या बंद केल्यावर किती थांबायचं ते त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

थ्रेडिंग त्याच बैठकीत करायचं तर लॅमिनेशननंतर करावं. आधी केलं तर सोललेल्या कातडीवर द्रावण झोंबतं. पुढच्या आठवड्यांत भुवईबाहेरचे चुकार केस चिमट्याने काढायला हरकत नाही. कात्री मात्र सांभाळून. वर विंचरलेल्या भुवया लांब दिसतात म्हणून टोकं छाटली, की सहाव्या आठवड्यात भुवया आपल्या मूळ वळणावर येतात तेव्हा छाटलेले केस आखूड पडून मधे फटी दिसतात. त्या अधल्यामधल्या दिवसांत अर्धे केस वर आणि अर्धे आडवे राहतात, तेव्हा कात्रीपेक्षा पारदर्शक ब्रो जेल कामाचं.