काय काय अडलं

घरातली बाई गेली की पहिल्यांदा अडतं ते किल्ल्यांवर. दाराआडच्या खुंटीवर एक जुडगा लटकत असतो. त्यातल्या दोन-तीन किल्ल्या घरातल्या कुलुपांना लागतात, बाकीच्या कशाच्या ते कुणालाच सांगता येत नाही. मग हळूहळू उलगडा होतो. ही वाचनालयाच्या मागच्या कपाटाची. ही चपटी, सभागृहातल्या माइकच्या पेटीची. दोरा बांधलेली वरच्या मजल्यावरच्या आजींच्या दाराची, त्या आत पडल्या-बिडल्या तर असावी म्हणून. एक सायकलची, आणि सायकल तर केव्हाच विकली.

तिच्यावर श्रद्धांजलीचे चार शब्द लिहायला बसणाऱ्यानं खरं तर हा जुडगा पुढ्यात घेऊन बसावं. तो बसतो कोरा कागद घेऊन, आणि लिहितो : प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख. आता तिचं नाव खोडून तिथं शेजारच्या काकूंचं घाला. काही बिघडलं नाही ना? मग तो परिच्छेद खुशाल फाडावा. त्यातही 'सदा हसतमुख' हे सरळ खोटं. संसार सांभाळून वर चार संस्थांची कामं ओढणारी कुठलीही बाई सदा हसतमुख असू शकत नाही.

त्यापेक्षा ती गेल्यावर काय काय अडलं ते लिहावं. एक वही फोनजवळ ठेवायची आणि पहिले पंधरा-वीस दिवस तिच्यासाठी आलेल्या प्रत्येक फोनची नोंद करायची : कोण आणि कशासाठी. सांत्वनाचे फोन सोडून द्या. बातमी न कळलेल्यांचे फोन महत्त्वाचे. 'ताई आहेत का? शनिवारी हॉल कोण उघडतंय?' 'काकूंनी फॉर्म भरून देते म्हटलं होतं, उद्या शेवटची तारीख आहे.' भेटायला येणाऱ्यांनाही 'आई कशी होती हो?' असं विचारू नये. त्या प्रश्नाला 'फार चांगली' हेच उत्तर येतं, दुसरं येणार तरी कुठलं? 'तिचं-तुमचं शेवटचं बोलणं कशावरून झालं?' असं विचारलं की माणूस थबकतो, आणि मग खरं काहीतरी सांगतो.

रक्तदान शिबिराचंच घ्या. फोटोत प्रमुख पाहुणे असतात. तिचं काम त्याआधी आठवडाभर फोनवर आणि त्या दिवशी शेवटच्या खुर्चीपाशी. रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं बसून काहीतरी प्यायचं असतं. तरणीताठी पोरंच 'मला काही होत नाही' म्हणून ताडकन उठतात आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत कोसळतात. अशाला आडवं करून पाय उंच धरायचे, भोवतीची गर्दी हटवायची. पण खरी अक्कल लागते ती यादीला. लाल पेशी पिशवीतल्या टिकवणाऱ्या द्रावणानुसार ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच ते सात. उत्साहाच्या भरात एकाच दिवशी सगळ्यांनी रक्त दिलं, तर ते संपतंही एकदमच, आणि पुढच्या महिन्यात धावाधाव. ज्या बाईला हे कळतं ती माणसं हातची राखते. निम्म्यांना सांगते, 'तुम्ही आत्ता नको, दोन महिन्यांनी.' तिच्या वहीत नाव, रक्तगट, मागची तारीख असे रकाने असतात आणि काही नावांपुढे लाल ठिपका. ठिपका म्हणजे याला सुई दिसू द्यायची नाही, गप्पांत गुंतवायचं. हे लिहा. 'रक्तदान चळवळीत मोलाचं योगदान' असं लिहून काय मिळतं?

ती वही, फोनची डायरी, कॅलेंडरावरच्या खुणा यांतलं काही आवराआवरीत टाकू नये. पानापानाचे फोटो काढावेत, समासासकट. खिडकीचा उजेड बाजूनं आला की पेन्सिलची फिकट अक्षरंही उठून दिसतात. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढले तर फाटतात. दात साफ करायचा फ्लॉस फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवायचा, आणि तरी सुटला नाही तर जागच्या जागीच टिपून घ्यायचा. स्कॅन ६०० डीपीआयवर करावा, कारण ती ज्या समूहफोटोत असते त्यात तिचं तोंड शेंगदाण्याएवढं असतं, आणि तेवढंच मोठं करायचं असतं. मधे शोधूच नका. कडेला बघा, हातात काहीतरी घेऊन निघालेली. फोटोमागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलनं; बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.

फोनबाबत मात्र घाई अंगाशी येते. कुणीतरी हुशार नातलग पहिल्याच आठवड्यात सिम बंद करून टाकतो, आणि मग बँकेपासून विजेच्या बिलापर्यंत सगळे ओटीपी त्या बंद नंबरवर जात राहतात. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर साधारणपणे काढून टाकलं जातं, गूगलचं दोन वर्षांनी. फोनमधलं फोनमध्ये राहतं म्हणा, पण तो फोनच पुसून नातवाच्या हाती जातो. आधी तिचे आवाजी निरोप दुसरीकडे उतरवून घ्यावेत, दोन ठिकाणी. 'ऐक, येताना वरच्या आजींची औषधं आण, चिठ्ठी दाराला लावलीय' हे सहा सेकंद पुढे कुणाच्याही भाषणाहून जास्त वेळा ऐकले जातात.

नवऱ्याला विचारावं, पण टेबलासमोर बसवून नाही. त्याला तिच्या कामांची नावं धड माहीत नसतात, वेळा मात्र माहीत असतात : मंगळवारी उशीर, महिनाअखेरीला हिशोब, त्या दिवशी बोलायचं नाही. फिरायला गेल्यावर त्याच्याकडून जास्त निघतं. मुलांचं वेगळंच. थोरल्याची आई कडक होती, धाकटीची आई थकलेली आणि बरीच मऊ. दोघं भांडतात. भांडू द्यावं आणि दोन्ही लिहावं. मधलं काहीतरी काढायला गेलं की दोघांचीही आई हरवते.

जगभर हे राहूनच गेलंय. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१८ साली 'ओव्हरलुक्ड' नावाचं सदर काढलं, १८५१ पासून ज्यांचे मृत्युलेख छापायचे राहिले त्यांच्यासाठी. पहिल्या यादीत मधुबाला होती, आणि एमिली रोब्लिंगही. एमिलीचा नवरा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता. पाण्याखालच्या कोठ्यांतल्या कामानं तो अंथरुणाला खिळला, आणि वर्षानुवर्षं त्याच्या सूचना घेऊन ही बाई कामावर जात राहिली. पूल १८८३ साली खुला झाला, ती १९०३ साली गेली, आणि लेख आला ११५ वर्षांनी. पुलाची ही कथा, तर वाचनालयाच्या कपाटाची काय असणार!

शोकसभेत वाचायचा मजकूर पाचशे शब्दांचा पुरे. अशा वेळी मिनिटाला शंभरेक शब्दच होतात. अक्षर मोठं, ओळी सुट्या, पानांवर आकडे. एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आधीच द्यावी, कारण गळा मोठ्या वाक्यांवर दाटत नाही, दाटतो तो 'दोरा बांधलेली किल्ली' असल्या कुठल्यातरी फालतू जागी. नावं दोनदा तपासा. राहून गेलेली सून वर्षानुवर्षं विसरत नाही. संस्थेच्या अध्यक्षांना दोन मिनिटं द्या आणि घड्याळ त्यांच्यासमोर ठेवा. तिचा एखादा राग, एखादं वैर जरूर घाला. हिशोबात दहा रुपयांचा घोळ झाला म्हणून ती कुणाशी वर्षभर बोलली नसेल, तर ते ऐकून सगळा हॉल हसतो, आणि ज्याच्याशी बोलली नाही तो सर्वांत मोठ्यानं.

लेख होतो, वाचला जातो, लोक डोळे पुसतात, छान झालं म्हणतात. शिबिर पुढच्या महिन्यात आहे. ज्यांना तिनं 'तुम्ही आत्ता नको' म्हणून सांगितलं होतं ते अजून तिच्या फोनची वाट बघतायत, आणि ते फोन कोण करणार हे कुणी ठरवलेलं नाही.