फर्स्ट सेम आणि खालचं वावर

रिझल्ट लागला. संध्याकाळपासून नुसती गोल गोल फिरणारी साइट रात्री अकराला उघडली आणि मॅथ्स मायनरच्या, म्हणजे माझ्या दुय्यम विषयाच्या, पुढे जे दिसायला नको होतं तेच दिसलं. मला एक बॅक आहे, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यायचाय. आधीच सांगून टाकते, कारण गावात सगळ्यांना कळलंय आणि मामीचं फोनवर "होते बाप्पा, होते" म्हणूनही झालंय. बाकीचे पेपर निघाले. जिऑलॉजीत तर वर्गात दुसरी आहे. वर्गात एकोणीस जण आहोत, त्यामुळे त्याचा फार बाऊ करण्यात अर्थ नाही.

जिऑलॉजी मी ठरवून घेतलं नव्हतं. मला हवं होतं मायक्रोबायोलॉजी. काटोलच्या सायबर कॅफेत फॉर्म भरताना तिसऱ्या पसंतीच्या रकान्यात काहीतरी टाकायचं होतं, तर तिथला दादा म्हणाला, "ताई, हे दगडाचं टाकू का? याले गर्दी नसते." टाका म्हटलं. तोच नंबर लागला. बाबा आठ दिवस काही बोलले नाहीत, मग जेवताना एकदम म्हणाले, "वावरातले दगडं येचाले आता डिग्री लागते का?"

जुलैत नागपुरात प्रतापनगरला रूम घेतली. तिथे दोन पलंग, एक कूलर (त्याचा पंप बंद) आणि गोंदियाकडची रूममेट. कॉलेज सुरू झालं म्हणजे नेमकं काय सुरू झालं, हे कळायला ऑगस्ट उजाडला. नवीन शैक्षणिक धोरणातले आम्ही! मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ही सगळी विषयांच्या गटांची नावं. पहिले तीन आठवडे ही अक्षरं पाठ करण्यातच गेले. ओई म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा विषय, तर मला आवडीने मराठी नाटक घ्यायचं होतं. पण ज्या तासाला नाटक त्याच तासाला आमचं प्रॅक्टिकल, म्हणून मिळालं बँकिंग. टाइमटेबल पाच वेळा बदललं. पाचव्यांदा बदललं तेव्हा ऑफिसातल्या बाईंनी खिडकीतूनच हात जोडले.

इंग्रजीचं रडगाणं मी गाणार नाही, ते सगळ्यांनी गाऊन झालंय. एवढंच सांगते की आमच्या सरांना मराठी शब्द माहीत होते आणि ते वापरायची त्यांना लाज नव्हती. खनिज पांढऱ्या, झिलई नसलेल्या चिनीमातीच्या फरशीवर घासलं की जी रेघ उमटते तिला पुस्तकात स्ट्रीक म्हणतात. सरांनी फळ्यावर शेजारी लिहिलं: कस. सोनाराकडे सोनं कसाला लावतात तोच हा कस. हेमटाइटचा दगड दिसायला काळपट-करडा, पण रेघ ओढली की विटकरी लाल. पायराइट सोन्यासारखं चमकतं आणि फरशीवर हिरवट काळी रेघ सोडतं. त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "माणसाचंबी तसंच असते." आई प्रत्येक गोष्टीला हेच म्हणते.

१५ ऑगस्टला सर म्हणाले, झेंडावंदन झालं की सीताबर्डीच्या किल्ल्यावर जा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा तीनच दिवस आत सोडतात. आम्ही चौघी शंकरनगरहून मेट्रोने गेलो. गर्दी तोफांसमोर फोटो काढण्यात गुंतलेली. १८१७ च्या नोव्हेंबरात भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली ती याच टेकडीवर. आम्ही मात्र उकिडव्या बसून रस्त्याकडेचा दगड बघतोय. एका आजोबांनी विचारलं, "काही हरवलं का पोरींनो?" काळा, बारीक दाण्यांचा, जड. बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. आमच्या गावातल्या विहिरीत सुरुंग लावून फोडतात तोच. एवढ्या लांब येऊन घरचाच दगड भेटला म्हणून थोडी निराशाच झाली, खरं सांगायचं तर.

ती निराशा सरांनी पुढच्या तासाला घालवली. नकाशा टांगून म्हणाले, नागपूर हे दोन जमिनींच्या शिवेवर वसलेलं शहर आहे. पश्चिमेला कळमेश्वर-काटोलकडे लाव्ह्याचे थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे त्याच्याहून कितीतरी जुने नाइस आणि शिस्ट, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप बदललेले खडक. मधे कामठीकडे कोळसा, वर मनसरला मँगनीज. मी आणि माझी रूममेट त्या शिवेच्या दोन बाजूंच्या निघालो. तिला दोन्ही वेळा भात लागतो, भाताशिवाय ती जेवलीच नाही असं समजते. मला पोळी नाहीतर भाकर पाहिजे. तिकडे पाऊसही जास्त आणि तलावही, हे खरं. पण मेसच्या काकूंशी होणाऱ्या आमच्या रोजच्या भांडणामागे साडेसहा कोटी वर्षं आहेत, हे मला फार आवडलं. काकूंना नाही आवडलं.

याच तासाला स्टीफन हिस्लॉपचं नाव ऐकलं. त्याच्या नावाच्या कॉलेजवरून सगळे जातात, पण हा मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला आणि धर्मप्रसारासोबत दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडला, हे मला कुठे माहीत होतं? टाकळीला लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात त्याला पुरातन वनस्पतींचे अवशेष सापडले. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना तो पुरात बुडून मेला. सर हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, फील्डवर जाताना नाला भरलेला असेल तर थांबायचं, दगड कुठे जात नाही.

आता चुनखडीचं.

दसऱ्याला घरी गेले. शहरात दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांचे लोंढेच्या लोंढे, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, अर्ध्या तिकिटात अर्धीच उभी राहून काटोल गाठलं. आमची संत्र्याची दोन वावरं आहेत. वरच्या वावरातली झाडं हिरवीगार, खालच्यातली कायम आजारी. नवी पालवी पिवळी पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बाबा दरवर्षी हिराकस (लोहाचा क्षार) फवारतात, चार दिवस बरं दिसतं, पुन्हा तेच. मी खालच्या वावरातले चार पांढरे खडे रुमालात बांधून नागपूरला आणले.

प्रॅक्टिकलमध्ये सर दुसऱ्या टेबलाशी गेले तेव्हा एक खडा वॉच ग्लासवर ठेवला आणि पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब सोडला. आधी काहीच नाही. मग कडेला बारीक बुडबुडे आले, मग सोड्याची बाटली फोडल्यासारखा खडा अख्खा फसफसायला लागला, आवाजासकट. कॅल्शियम कार्बोनेट. सर मागे येऊन उभे होते. ओरडले नाहीत, फक्त "कुठला?" विचारलं. सांगितलं. म्हणाले, चुन्याने जमिनीचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे ती अल्कधर्मी होते. लोह जमिनीत असतं, पण मुळांना घेता येत नाही; म्हणून पानं पिवळी.

मी त्याच संध्याकाळी बाबांना फोन लावला. उत्साहात सगळं सांगितलं. सामू, लोह, कार्बोनेट.

"हो ना," बाबा म्हणाले. "खाली चुनखड आहे, ते तुह्या आज्यानंच सांगतलं होतं. तरीबी लावले झाडं. का करता, तेवढंच वावर होतं."

मी फोन ठेवला आणि रूममेटकडे बघितलं. ती इतकी हसली की पलंगावरून खाली आली.

परीक्षा झाली. मॅथ्सच्या आदल्या रात्री आम्ही दोघी कंबल पांघरून तर्री पोह्यांवर चर्चा करत बसलो होतो, त्यामुळे तो पेपर का गेला हे शोधायला समिती नेमायची गरज नाही. अधिवेशनाचे मोर्चे आणि बॅरिकेड्स चुकवत बस पकडली आणि सुट्टीला घरी आले. आंब्या बहाराच्या संत्र्यांचा तोडा चालू होता, अंगणात कॅरेट रचलेले, हातांना दिवसभर सालीचा वास.

तिसऱ्या दिवशी बाबांनी हाक मारली. पलीकडचं पडीक वावर त्यांनी यंदा विकत घेतलंय, हे मला धड माहीतही नव्हतं. तिथे पुढच्या पावसाळ्यात संत्रा लावायचा विचार आहे. त्यांनी एका कोपऱ्यात खड्डा खणून एक फूट, दोन फूट, तीन फुटांवरची माती काढून गोणपाटावर तीन ढीग लावले होते. ढिगांमध्ये सारखं अंतर, आमच्या लॅबमधल्या ट्रेसारखं. शेजारी संडास धुवायच्या ॲसिडची बाटली आणि आईच्या शिलाई मशीनमधला तेल घालायचा ड्रॉपर.

"आज्यानं या वावराचं काही सांगतलं नाही," बाबा म्हणाले. "कर तुही प्रॅक्टिकल."

पहिल्या ढिगावर काहीच झालं नाही. दुसऱ्यावर थोडे बुडबुडे, दिसले न दिसले असे. तिसरा ढीग थेंब पडताच फसफसला. बाबा खाली वाकून, कान लावून ऐकत होते. मला वाटलं आता काही विचारतील. त्यांनी हात झटकले, फावडं खांद्यावर टाकलं, मोजून साठ पावलं चालले आणि दुसऱ्या टोकाला खणायला लागले.